जहाजाचा पाइप

आमच्या मुलीचं, मदिहाचं लग्न दुसऱ्या महापुराच्या वर्षी झालं. पहिल्या महापुरात घराची एक भिंत गेली होती. दुसऱ्यात, म्हणजे दोन हजार एकवीसच्या जुलैत, पाणी पत्र्याला टेकलं, आणि लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी आम्ही गाळातून वेचून काढली. लग्न डिसेंबरात लागलं. जावई हुपरीचा, नाव तोहिद. त्याच्या घरात सगळे चांदीचे पैंजण करणारे, पण हा समुद्रावर गेला. कोकणातल्या एका बंदरावर त्याची नोकरी होती. भर समुद्रात दोन जहाजं एकमेकांना लावून उभी करतात आणि एकातलं तेल दुसऱ्यात घेतात. त्यासाठी मधे जाड रबरी पाइप जोडतात. ते न्यायचे, जोडायचे, सोडवायचे, धुऊन वाळवून शेडमध्ये ठेवायचे, हे त्याचं काम. त्या पाइपला तो होज म्हणायचा.

मी स्वतः आयुष्यभर नदीकाठच्या मोटारी बसवल्या आणि काढल्या. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठानं ज्या जॅकवेल आहेत, त्यातल्या बऱ्याच विहिरींत मी उतरलोय. जॅकवेल म्हणजे काठावर बांधलेली खोल गोल विहीर. नदीचं पाणी तळातून तिच्यात येतं आणि मोटार ते वर उसाला ढकलते. आमच्या भागाच्या पाणी योजनेचा कारभार आकाराम मगदूमकडं होता. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो आणि एकाच डोहात पोहायला शिकलो. त्याचा आवाज एवढा मोठा होता की नदीच्या पलीकडच्या माणसालाही तो फोन न लावता बोलवायचा.

लग्नाच्या जेवणात आकारामनं तोहिदला धरलं.

“काय जावई, ती तुमची जहाजाची पाइप केवढी जाड असती?”

तोहिदनं दोन्ही हातांचा घेर करून दाखवला.

“आनि वाकती?”

“वाकती. पन मोडू द्यायची नसती. एकदा मोडली की आतनं फाटती, भायेरनं कळत न्हाय.”

पुढचं आकारामनं ऐकलंच नाही. वाकते एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. महापुरानं काठ खचला होता आणि जॅकवेलमधून वर जाणारा आमचा लोखंडी पाइप मोडून गेला होता. पहिल्या पुरातही तो तसाच गेला होता. काठ हलला की लोखंड मोडतं. वाकणारा पाइप मिळाला तर पुढचा पूर येऊ दे, जाऊ दे, असं त्याचं म्हणणं.

जानेवारीत तो कोल्हापुरातल्या एका भंगारवाल्याकडून तसे दोन पाइप घेऊन आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते मावत नव्हते, मागं लोंबत होते. काळे, जाड, अंगावर पांढऱ्या रंगातली अक्षरं अर्धी खरवडलेली. दोन्ही तोंडांवर लोखंडी झाकणं नटबोल्टनं घट्ट बसवलेली.

“बघ लालासाब,” आकाराम झाकणावर थाप मारत म्हणाला, “सील बी तोडलं न्हाय. कोरा माल हाय!”

मीही झाकणं बघितली आणि मला ते पटलं. नवी मोटार येते तेव्हा तिच्याही तोंडाला झाकण असतं.

उसाच्या ट्रॉलीची साखळी पाइपच्या मधोमध बांधून पोरांनी ते ओढत काठाला आणले. जांभळाच्या झाडाभोवती वेटोळं करून ठेवले. महिनाभर ते तिथंच उन्हात पडले होते. गुरं त्यांना अंग घासायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मदिहा आणि तोहिद माहेरपणाला आले. मी घरीच होतो. त्याच दिवशी आकारामनं एक पाइप जॅकवेलमध्ये सोडला. खालचं तोंड तळाच्या सिमेंटच्या कट्ट्यावर मोटारीशेजारी, वरचं तोंड काठावर. दोन्ही झाकणं सोडायच्या आधीच काठावर काढली होती. खालून काळं, दाट काहीतरी गळायला लागलं, म्हणून वरून पाणी सोडून पाइप धुतला. धुतलेलं सगळं विहिरीतच गेलं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन निघालो. तोहिद म्हणाला, “मामू, मी बी येतो. नदी बघू.”

बांधावरून चालताना तो हसत होता. बंदरावरच्या जेवणाला नावं ठेवत होता. मासे खाऊन खाऊन अंगाला वास यायला लागला, म्हणत होता. जांभळापाशी आलो आणि तो बोलायचा थांबला.

दुसरा पाइप अजून झाडाभोवती पडला होता. तोहिद त्याच्यापाशी उकिडवा बसला. हात लावायच्या आधी त्यानं आजूबाजूला बघितलं, जसं एखादा माणूस मळ्यात सापाची कात दिसल्यावर बघतो. जिथं पाइपला घडी पडली होती तिथं त्यानं बोट फिरवलं. मग एक टोक दोन्ही हातांनी थोडं उचललं. आत काहीतरी हळू सरकल्याचा आवाज आला.

“मामू, ही धुतल्याली न्हाय.”

“धुतील की. काल एक धुतला म्हनं.”

“कुठं धुतली? दुसरी कुठं हाय?”

“जॅकवेलमदी सोडलीया.”

त्याचा चेहरा मी बघितला. चाळीस वर्षं मी विजेच्या तारांशी काम केलंय. धक्का बसलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. तोहिदचा तसाच झाला होता.

“काय झालं?”

“आमच्याकडं होज आली की आधी रिकामी करायची, धुवायची, वारा सोडून वाळवायची. मग लाकडी फळ्यांवर सरळ झोपवायची, सावलीत. उचलायची ती बी रुंद पट्ट्यांनी, चार ठिकानी धरून. साखळी लावली तर साहेब घरी घालवतोय. आनि धुतल्याशिवाय झाकन लावून उन्हात ठेवली तर आत हवा तयार हुती. विषारी.”

“वास येईल की मग.”

“पयल्यांदा येतो. नासक्या अंड्यागत. मग येत न्हाय.” त्यानं आवाज आणखी खाली केला. “गेल्या वर्षी आमच्या शेडमदी एकानं अशीच एक होज उघडली. चांगला तगडा गडी हुता. ‘कायतरी वास येतोय’ म्हनाला. जरा वेळानं म्हनाला, ‘गेला वास.’ आनि खाली बसला. आमास्नी वाटलं, बिडी पेटवायला बसला.”

“मग?”

“उठला न्हाय, मामू.”

विहिरीच्या बाजूनं वारा येत होता आणि मला आता तो वास आला. अंडी नासल्यासारखा, थोडा रॉकेलसारखा. आधी मला वाटलं होतं की नदीला कुठल्या तरी साखर कारखान्याचं मळीचं पाणी आलंय.

जॅकवेलपाशी आकाराम, त्याचा मुलगा सम्राट आणि योजनेतले दोन-तीन शेतकरी होते. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले होते. तोहिदला बघून आकारामनं आरोळीच दिली.

“आलं का जावई! आरं, खाट आना! चा ठेवा! गावचा जावई उभा ऱ्हायलाय!”

खाट जांभळाखाली आली. तोहिद बसला नाही.

“मामा, विहिरीत कोन उतरलं न्हाय न्हवं?”

“आजून न्हाय. उतरायचंच हाय. वास मारतोय म्हनून वाईच थांबलोय. तुमी बसा की. जावयानं गावात हात काळं करायचं नसत्यात.”

“त्यात विषारी हवा हाय, मामा. आनि पेटत्या वस्तूचा तर इथं—”

“ऐकलं का रं?” आकाराम बाकीच्यांवर ओरडला. “बिडी इझवा! कुनी काडी वढली तर पायताणानं मारीन. तेलाचा पाइप हाय!”

बिड्या विझल्या. चुलीवरचा चहा उतरवला, विस्तवावर पाणी ओतलं. आकाराम इतक्या मनापासून सांगितलेलं करत होता की तोहिदला पुढं बोलायला जागाच राहिली नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. विहीर बरेच दिवस बंद असली की आत उतरायच्या आधी पेटता कंदील दोरीनं सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. त्या दिवशीही सम्राटनं मोटारीच्या खोलीतून कंदील आणून ठेवला होता. आकारामनं तो उचलला आणि परत खिळ्याला अडकवला.

“आज कंदील न्हाय. जावयाची आज्ञा हाय.”

सगळे हसले. तोहिद माझ्याजवळ आला. सासुरवाडीच्या गावात, वडीलधाऱ्यांसमोर, तो मोठ्यानं कसा बोलणार? मला त्यानं हळू सांगितलं, “मामू, आग लागू नये म्हनून ते बरोबर हाय. पन आता आत काय हाय ते कळनार कसं? आमच्याकडं छातीला लावायचं एक यंत्र असतंय, ते वरडतं. हितं काय हाय? तुमी सांगा त्यास्नी. आज कुनी उतरायचं न्हाय. मी बंदरावर फोन करतो, यंत्र आनि मानूस मागवतो.”

मी आकारामला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शेडमधल्या माणसाचंही सांगितलं. तो ऐकत होता. ऐकताना तो नेहमी कान खाजवायचा, तसा खाजवत होता.

“लालासाब, उद्यापास्नं लाईट रात्रीची हाय.”

हे खरं होतं. आमच्याकडं शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दिवसाच्या पाळीचा तो शेवटचा दिवस होता. ऊस पिवळा पडत होता. रात्रीच्या विजेवर नवा पाइप जोडून चालू करणं म्हणजे अंधारात ओल्या काठावर माणसं फिरवणं. त्यातही माणूस मरतो, आणि तसं मेलेलं आम्ही दोघांनीही बघितलं होतं.

“उतरायचं अंधारातच असंल तर आठवडाभर थांब,” मी म्हणालो.

“आठवड्यात ऊस जळंल.” मग त्यानं तोहिदकडं बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. “बरं, दुपारपतोर थांबतो. दोन्ही तोंडं उघडी हायत. वारं लागंल, वास जाईल. वास गेला की उतरतो. जावयाचा मान ठेवतो आनि उसाचा बी ठेवतो.”

मी हे तोहिदला सांगितलं. तो फक्त म्हणाला, “वास गेला की उतरायचं? मामू, वास गेला की पळायचं असतंय.”

तो फोन घेऊन बांधावर गेला, कारण काठाला रेंज येत नव्हती. तिथं उभा राहून तो बंदरावर एकामागून एक फोन लावत राहिला.

आम्ही बसून राहिलो. सूर्य वर आला, वारा पडला. विहिरीच्या तोंडाशी कोणी ना कोणी जाऊन वाकून बघत होतं. मी दोनदा सांगितलं, वाकू नका. मी म्हातारा, भित्रा, असं ते म्हणाले, आणि मी खरोखर भ्यालो होतो. माझ्या हातातला पाना मी उगाच पुसत होतो. विहिरीत उतरायची भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि आता मला तिच्या काठावर बसायचीही भीती वाटत होती. खाली काहीच दिसत नव्हतं. सिमेंटची भिंत, लोखंडी पायऱ्या, तळाला काळं पाणी, कट्ट्यावर मोटार. कालपर्यंत होतं तेच सगळं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा सम्राट म्हणाला, “आबा, वास गेला.”

एकेकानं रुमाल काढले. नाकं वर करून वास घेतला.

“व्हय, गेला की.”

“कवाच गेला.”

मीही रुमाल काढला. जोरात श्वास घेतला. मला नदीच्या गाळाचा वासही आला नाही, शेणाचा नाही, कशाचाच नाही. बाजूला म्हैस बांधलेली होती. तिचाही वास आला नाही.

“आकाराम, वास गेला न्हाय. आपली नाकं गेल्यात.”

“नाक जातंय व्हय कुटं? बायकूच्या हातची आमटी खाऊन चाळीस वरसं झाली, माझं नाक तवा मेलं न्हाय ते आता मरतंय?” सगळे हसले. तो उठला, कमरेचा पट्टा आवळला. तो सम्राटचा कॉलेजातला जुना पट्टा होता. “जावई कुटं गेलं?”

“फोनवर हाय. येऊ दे त्याला.”

“जावई येस्तवर मी बोल्ट आवळून भायेर येतो. म्हंजे त्यास्नी बोलायला बी नको आनि मला ऐकायला बी नको.”

मी त्याचा दंड धरला. त्यानं माझा हात हळूच काढला, जसा लहानपणी डोहावर काढायचा. मग पाना तोंडात धरून तो पायऱ्या उतरायला लागला.

त्याच वेळी बांधावरून बनाबाई, त्याची बायको, डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन आली. अजून बरीच लांब होती. तिनं एकदम पदर नाकाला लावला.

“ई बया! काय नासलंय रं एवढं? कुत्रं मेलंय का काय?”

मी तिच्याकडं बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. तिला वास येत होता. लांबून, चांगल्या हवेतून आलेल्या माणसाला वास येत होता, आणि आम्ही विहिरीच्या तोंडाशी बसून म्हणत होतो की गेला.

“आकाराम!” मी ओरडलो. “वर ये! वर ये, बाबा!”

खालून त्याचा आवाज आला, विहिरीतून येतो तसा मोठा आणि पोकळ. “काय रं, म्हातारीगत वरडाय लागलास? हितं झ्याक हाय. वारं गार—”

पाना पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

मी वाकून बघितलं. तो कट्ट्यावर बसला होता, मोटारीला टेकून, पाय पाण्याकडं सोडून. मान छातीवर. बघणाऱ्याला वाटावं, दमून बसलाय.

“आबा!” सम्राटनं पायरीवर पाय टाकला.

तो तरुण, पंचवीस वर्षांचा. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं कोपर मारलं ते माझ्या तोंडावर बसलं, दात हलला, पण मी सोडलं नाही. बनाबाई धावत आली, बुट्टी पडली, भाकरी मातीत गेल्या. “सोडा की त्याला! आवं, बाप हाय त्याचा खाली! सोडा!” ती माझ्या पाठीवर मारत होती. खाली गेला तर हाही बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात तोहिद आला. बांधावरून त्यानं बघितलं असावं, कारण त्यानं काही विचारलं नाही. आल्या आल्या त्यानं सम्राटच्या कानाखाली मारली. सासुरवाडीच्या गावात, आईच्या देखत. सम्राट थांबला.

“तू गेलास तर दोन काढाय लागतील!” तोहिद ओरडला. इतका मोठा आवाज मी त्याचा पहिल्यांदा ऐकला. “समदी मागं व्हा! वाऱ्याच्या वरच्या अंगाला! कुनी आत जायचं न्हाय. कुनी म्हंजे कुनी बी न्हाय!”

एकजण रुमाल भिजवून तोंडाला बांधत होता. तोहिदनं तो ओढून काढला. “फडक्यानं काय हुत न्हाय. मरशील.”

एकजण बांधावर पळाला, अग्निशमनची गाडी बोलवायला. गाडी निघाली, असं त्यांनी सांगितलं. ती किती लांबून यायची आणि किती वेळ लागणार, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा म्हणाला, ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर आणू, वारं मारू. तोहिदनं नकाराची मान हलवली. “इंजिनाची ठिनगी पडली तर खालची हवा पेटंल. मामा खाली हायत.” बंदरावर त्याच्याकडं यंत्रं होती, हवेच्या टाक्या होत्या, साहेब होते. इथं त्याला फक्त काय करायचं नाही तेवढं माहीत होतं.

मला माझ्या बापाची गोष्ट आठवली. जुन्या विहिरीतली हवा कोंदली की तो लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून खालवर करायचा. मी ते तोहिदला सांगितलं. “करा,” तो म्हणाला. “ठिनगी न्हाय त्यात. करा!”

डहाळ्या तोडल्या, भारा बांधला, आत सोडला. एकानं ओढायचं, जरा वेळानं दूर पळायचं, दुसऱ्यानं धरायचं. बनाबाई सुद्धा ओढत होती. भारा खाली जायचा, वर यायचा. आकारामच्या डोक्यावर लिंबाची पानं पडत होती आणि तो ती झटकत नव्हता. मी तेच बघत होतो. एकदा तरी झटकेल. एकदा तरी शिवी देईल.

“वर कसं काढायचं?” सम्राट रडत विचारत होता. “कुनी उतरल्याबिगर वर कसं काढायचं?”

मोटारीच्या खोलीत गळ होता. विहिरीत पडलेली घागर काढायचा, चार आकड्यांचा लोखंडी गळ. मी तो आणला. या गळानं मी गावातल्या कितीतरी घागरी काढल्या, बादल्या, एकदा एक शेरडूही काढलं. आकारामच्या हातून पडलेल्या घागरी काढताना तो वर उभा राहून मला शिव्या घालायचा, डावीकडं घे, उजवीकडं घे.

मी पोटावर झोपलो. तोहिदनं माझे पाय धरले. “मामू, श्वास धरा. मी ओढलं की मागं या.” मी श्वास धरून गळ सोडायचो, तो मला मागं ओढायचा, मी श्वास घ्यायचो, पुन्हा पुढं.

पहिल्यांदा गळ सदऱ्यात अडकला आणि सदरा फाटला. आकाराम कलंडला. सगळ्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. आणखी थोडा कलंडला असता तर पाण्यात गेला असता, मग गळाचाही उपयोग नव्हता. माझ्या घामानं दोरी निसटत होती. दुसऱ्यांदा आकडा मोटारीला लागला आणि लोखंड लोखंडावर वाजलं. तोहिदनं माझे पाय इतके आवळले की त्याची बोटं नंतर कित्येक दिवस माझ्या पायावर दिसत होती. काही पेटलं नाही.

तिसऱ्यांदा मी गळ त्याच्या पाठीमागं नेला आणि हळू वर घेतला. आकडा पट्ट्यात बसला.

“धरा,” मी म्हणालो.

सगळ्यांनी दोरी धरली. तो वर यायला लागला, कमरेत वाकलेला, हात आणि पाय खाली लोंबत. सिमेंटच्या भिंतीला घासत. त्याचं डोकं एका पायरीला लागलं आणि बनाबाई “हळू, हळू” म्हणाली, जसं झोपलेल्या पोराला खाटेवर ठेवताना म्हणतात. पट्टा जुना होता. मी फक्त पट्ट्याकडं बघत होतो. तो तुटला नाही.

काठावर आणल्यावर तोहिदनं त्याला दूर, वाऱ्यावर नेलं. तोंड उघडलं, छाती दाबायला लागला. ओठ निळे होते. बराच वेळ काही नाही. मग एक श्वास आला, घोरल्यासारखा. सम्राट “आबा, आबा” करत त्याचे तळपाय चोळायला लागला. आम्हाला वाटलं, वाचला. मीही तेच म्हणालो. बनाबाईनं तोहिदच्या पायावर डोकं ठेवलं. जावयाच्या पायावर. तो मागं सरकला आणि म्हणाला, “आजून काय सांगता येत न्हाय, मामी. गाडी आना.”

टेम्पोतून त्याला कोल्हापूरला नेलं. अग्निशमनची गाडी आम्हाला वाटेत भेटली. टेम्पोत मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्ताभर मी त्याच्या केसांतली लिंबाची पानं काढत होतो आणि त्याच्या नाकापुढं हात धरत होतो. श्वास येत होता. प्रत्येक श्वासाला मला भीती वाटायची की पुढचा येणार नाही, आणि तो आला की पुन्हा तीच भीती.

तोहिद आमच्याबरोबर आला नाही. तो मागं राहिला. जांभळाखाली दुसरा पाइप होता आणि पोरं दिवसभर तिथं खेळायची. त्यानं गावातून फळ्या आणल्या, चार माणसं घेतली, खाटांच्या पट्ट्या सोडून पाइपखाली चार ठिकाणी घातल्या आणि तो उचलून झाडाच्या सावलीत सरळ झोपवला. झाकणांना हात लावला नाही. भोवतीनं काटेरी तार ओढली. अंधार पडेपर्यंत तो तिथंच उभा होता. कोणी त्याला खाट दिली नाही, आणि बसा म्हणालं नाही. रात्री घरी आला तेव्हा मदिहानं त्याचे हात साबणानं तीनदा धुतले, तरी तो म्हणत होता की वास येतोय.

चार दिवसांनी बंदरावरची माणसं आली, छातीला यंत्रं लावून. त्यांनी विहीर मोकळी केली, दोन्ही पाइप नेले. आमच्या योजनेला आता पुन्हा लोखंडी पाइप आहे. पुराच्या आधी आम्ही तो सोडवून वर ठेवतो. कंदील खिळ्याला आहे. सम्राट आता योजनेचा कारभार बघतो आणि जॅकवेलपाशी गेला की आधी लांब उभा राहून वास घेतो. त्याला कोणी हसत नाही.

आकाराम मगदूम कोल्हापूरच्या दवाखान्यात शुद्धीवर न येताच मंगळवारी, एक मार्च दोन हजार बावीसला, महाशिवरात्रीच्या सकाळी वारला.